हलत्या फळीवरचे चित्र

गुहागरहून हेदवीकडे जाताना वाटेत वेळणेश्वर लागते. माडांच्या राईत शंकराचे जुने मंदिर, त्यापुढे वाळूचा लांब किनारा आणि महाशिवरात्रीची जत्रा, एवढीच या गावाची ओळख बाहेरच्या माणसाला पूर्वी असे. २०१२ साली ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने येथे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले आणि मोटारी, संवेदक व संगणकाच्या आज्ञावल्या हे शब्द या किनाऱ्यावरच्या रोजच्या बोलण्यात आले. अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने सुट्टीत घरी येऊन सांगितले, की यंत्रमानव आणि प्रोजेक्टर एकत्र करून कलाकृती घडवायची आहे, तर दुकानाच्या गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना काय वाटेल? हा छंद आहे, शिक्षण आहे की धंदा आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात येणारच. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही कला नेमकी काय आहे, हे पाहिले पाहिजे.

२०१३ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉट अँड डॉली या संस्थेने 'बॉक्स' नावाची काही मिनिटांची चित्रफीत प्रसिद्ध केली. अंधाऱ्या दालनात एक माणूस उभा आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांत जोडकाम करणाऱ्या यंत्रभुजा असतात, तशाच दोन भुजांच्या टोकांना मोठ्या पांढऱ्या फळ्या बसवल्या आहेत. भुजा फळ्या फिरवतात, कलवतात, पुढेमागे नेतात आणि प्रोजेक्टर त्या हलत्या फळ्यांवरच चित्र टाकतो. पाहणाऱ्याला मात्र फळी दिसतच नाही. तिच्या जागी खोल पेटी दिसते, हवेत तरंगणारा ठोकळा दिसतो, सपाट पृष्ठभागाच्या पोटात उघडत गेलेली जागा दिसते. जादूगाराच्या रंगमंचावरील जुन्या करामतींवरच हे प्रसंग बेतलेले आहेत. विशेष हे, की जे दिसते ते सारे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडले, मागाहून संगणकावर काही चिकटवलेले नाही. त्याच संस्थेच्या यंत्रभुजा 'ग्रॅव्हिटी' या अंतराळपटाच्या चित्रीकरणात वापरल्या गेल्या आणि २०१३ सालीच गुगलने ती संस्था विकत घेतली. व्यापारी घराला हा शेवटचा तपशील विशेष वाटेल, पण तो येथे गौण आहे.

खरी गंमत जुळणीत आहे. स्थिर भिंतीवर चित्र टाकणे सोपे असते. भिंत हलू लागली, की प्रत्येक क्षणी तिचा कोपरा कुठे आहे आणि ती किती अंशांनी कललेली आहे, हे चित्र टाकणाऱ्याला ठाऊक असावे लागते. फळी सेकंदाला एक मीटर वेगाने सरकत असेल आणि चित्र सेकंदाच्या केवळ पन्नासाव्या भागाने मागे राहिले, तर ते फळीच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटर सांडते आणि सारी माया तिथेच संपते. म्हणून यंत्रमानव लागतो. माणसाचा हात दर वेळी थोडा वेगळा फिरतो, तर यंत्रभुजा ठरलेल्या मार्गावरून शंभर वेळा जवळजवळ तशीच फिरते. तिचा प्रवास आधीच माहीत असल्याने त्याच मापाने चित्र आगाऊ वाकवून ठेवता येते.

दुसरी अट याहून कठीण आहे. हे वाकवलेले चित्र एकाच जागेवरून पाहिले तर खरे वाटते. 'बॉक्स'मध्ये ती जागा कॅमेऱ्याची आहे आणि तो कॅमेराही यंत्रभुजेवरच बसवलेला आहे. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तोच प्रसंग ताणलेला आणि तिरपा दिसेल. चित्रफितीत हे खपून जाते, पण पाचशे माणसांच्या सभामंडपात नाही. तेथे चित्राचा आराखडा निराळा करावा लागतो. कंत्राटदार हे सहसा सांगत नाहीत. यजमानाला ते कळते कार्यक्रमाच्या रात्री, जेव्हा पहिल्या रांगेत वाहवा होते आणि कडेच्या खुर्च्यांवर कुजबूज.

हलत्या चित्राची ही ओढ परदेशातून आलेली नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' हा खेळ लोकांपुढे आणला. नावाचा अर्थच जादूचा कंदील. शंबर या मायावी असुरावरून 'शांबरिक' हा शब्द आला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पडत. एकाच पात्राच्या बदलत्या अवस्था निरनिराळ्या काचांवर काढलेल्या असत. त्या भराभर बदलल्या, की पात्र हातपाय हलवू लागे. सोबत निवेदन आणि संगीत असे. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याआधी चार वर्षे एक मराठी कुटुंब पडद्यावरची चित्रे हलवीत होते. आज संगणक जे जुळवतो ते तेव्हा पटवर्धनांच्या घरची माणसे बोटांनी आणि कानांनी जुळवीत. काच बदलण्याची वेळ चुकली तर खेळ फसे. तो तसा वर्षानुवर्षे फसला नाही, याचा अर्थ तालमी किती झाल्या असतील, याचा अंदाज हिशेबी माणसाने करावा.

कोकणाच्या दक्षिण भागात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, याहूनही जुनी परंपरा आहे. तेथील ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपत आला आहे. पातळ केलेल्या चामड्यावर आकृती कोरतात, रंगवतात, मागे दिवा ठेवतात आणि पडद्यावर रंगीत सावली चालू लागते. हलणारी वस्तू आणि प्रकाशाचे चित्र, हेच दोन घटक येथेही आहेत. फक्त मोटारीच्या जागी मनगट आहे. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गोठ्यातच या कलेचे संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान मिळाला याचा आनंदच आहे, पण सन्मानाने प्रयोगांची सुपारी मिळतेच असे नाही.

उपाश्रयात वाढलेल्या वाचकाला याचा एक ओळखीचा नमुना आठवेल. पर्युषणात जन्मवाचनाच्या दिवशी चांदीची चौदा स्वप्ने वरून एकेक करून खाली उतरवली जातात. गज, वृषभ, सिंह, लक्ष्मी. सर्वांना ती आधीच ठाऊक असतात, तरी प्रत्येक स्वप्न उतरताना माना वर होतात. वस्तू तीच, पण ती केव्हा दिसावी आणि किती सावकाश यावी, यावर सभेचा भाव ठरतो. दोरी धरणाऱ्याला हे कळते. यंत्रभुजेला ते कोणीतरी शिकवावे लागते.

येथेच व्यापारी घरांचा संबंध येतो आणि तो केवळ मुलाच्या शिक्षणापुरता नाही. दालनाचे उद्घाटन, विवाह, मंदिराचा वर्धापन महोत्सव अशा प्रसंगी प्रकाशचित्रांचा खेळ ठेवण्याची चाल वाढली आहे. त्याचे पैसे देणारे यजमान बहुधा हेच वर्ग असतात. यजमान विचारतो पडदा किती मोठा आणि उजेड किती. चित्र कोण काढणार, हे विचारणारे विरळा. मग तयार साठ्यातले तेच कमळ सराफाच्या दालनात उमलते, तेच लग्नात आणि तेच मंदिरात. लाखोंचे यंत्र भाड्याने येते आणि चित्रकाराच्या वाट्याला शून्य. हा हिशेब कोणत्याही पेढीवर मांडला तर चुकीचाच ठरेल, कारण ज्या मालासाठी लोक जमले त्यालाच किंमत दिलेली नाही. अंदाजपत्रकाची पहिली ओळ चित्राची आणि कथेची असावी, यंत्राची त्यानंतर. पिंगुळीच्या एखाद्या बाहुलीकाराला आणि वेळणेश्वरसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या अभियंत्याला एका मेजावर बसवण्याची ताकद सरकारी योजनेपेक्षा अशा यजमानाकडे अधिक आहे.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मग तितके अवघड राहत नाही. यंत्रांची नियंत्रणविद्या तो शिकणारच आहे. कारखाना, चित्रपट, संग्रहालय, नाट्यगृह या सर्वांना ती लागते. त्याला एकदम यंत्रभुजा घेऊन देण्याचे कारण नाही. शे-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटारी, पुठ्ठ्याची पांढरी फळी आणि दुकानात बैठकीसाठी आणलेला प्रोजेक्टर एवढ्यावर पहिली जुळणी होते. पहिले कित्येक दिवस चित्र फळीबाहेर सांडेल. किनाऱ्यावर राहून करायचे असेल तर खाऱ्या हवेचा विचार आधी करावा लागेल, कारण उघड्या मोटारींना ती गंज चढवते आणि उघड्यावरचा कोणताही प्रयोग कोकणात पाऊस सरल्याशिवाय मांडता येत नाही. पावसाचे चार महिने घरात बसून चित्रे काढायला पुरेसे आहेत.