लक्ष कुठे होतं तुझं?



गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीत शिलाई मशीनची सुई शिरली. नुसती टोचली नाही, नखातून आत गेली आणि आतच तुटली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. भाचीच्या ब्लाऊजच्या गळ्याला लेस लावत होते, कारण सकाळी ती न्यायला येणार होती. ओटा आवरून, विरजण लावून, धाकट्याचा डबा काढून ठेवून मग कुठे मशीनवर बसायला मिळालं होतं. दवाखान्यात एक्स-रे काढला, बोट बधिर करून तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पुढचे तीन आठवडे पोळ्या सासूबाईंनी केल्या.

त्या तीन आठवड्यांत मला एकच प्रश्न शंभर वेळा ऐकावा लागला. डॉक्टरांनी विचारला, ह्यांनी विचारला, सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी तर दारातूनच विचारला. "अगं, लक्ष कुठे होतं तुझं?" मीही मान खाली घालून म्हणत राहिले, खरंच, लक्षच नव्हतं.

दिवा कुठे होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दिवा माझ्या पाठीमागे होता. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या बोळात घडीच्या टेबलावर मशीन मांडलेलं, कारण रिकामा प्लग तेवढाच. ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर, त्यामुळे माझी सावली बरोबर सुईवर. बसायला प्लास्टिकचं स्टूल, टेबल त्यापेक्षा उंच, म्हणून खांदे वर चढलेले. येणारा-जाणारा प्रत्येक जण टेबलाला धक्का लावून जायचा. अशा जागी रात्री साडेदहाला लक्ष राहिलं असतं, तर तेच आश्चर्य!

हे माझ्या ध्यानात आलं ते दुसऱ्या एका घरी. आमचं गाव नांदे. गावाचं नाव सांगितलं की लोक नांदेड ऐकतात, पण हे मुळशी तालुक्यातलं, सूसहून लवळ्याकडे येताना लागतं ते नांदे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, तसं इथल्या बायकांना शिवणकाम मिळू लागलं. फॉल-पिको, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, पडदे. खालच्या आळीतल्या एका ताईंना नवं मोटारचं मशीन मिळालं होतं आणि दोरा सारखा तुटतोय म्हणून त्यांनी मला बोलावलं. जाऊन बघते तर काय, माझंच घर! मशीन दाराच्या आड, उंबरठ्यावरून आलेली एक्स्टेन्शनची वायर, उजेड पाठीमागून, बसायला पाण्याचा पालथा डबा. आणि सासूबाई सांगत होत्या, "हिचं लक्षच नसतं हो."

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे. घरातल्या मशीनचे बरेचसे अपघात बाईच्या हातून होत नाहीत, तिला दिलेल्या जागेतून होतात. मशीन घरात येतं तेव्हा त्याला नारळ फोडतो, हळदकुंकू लावतो. पण फ्रिजची जागा ठरते, टीव्हीची ठरते, मशीनची ठरत नाही. "उरलेल्या जागेत बसव" आणि "उरलेल्या वेळात शिव", असा सगळा कारभार.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी टाळणार नाही. त्या म्हणतात, "आम्ही जमिनीवर बसून कंदिलाच्या उजेडात हातमशीन चालवलं, आमच्या बोटात नाही कधी सुई गेली." खरं आहे त्यांचं. पण हातमशीनला उजवा हात दांड्यावर असतो, सुईजवळ एकच हात. शिवाय हात थांबला की सुई थांबते. मोटारच्या मशीनला दोन्ही हात सुईजवळ आणि वेग पायाखाली, मिनिटाला काहीशे टाके. बोट आत गेलं हे कळून पाय उचलेपर्यंत सुई दोनदा खाली येऊन गेलेली असते. मशीन बदललं, बसण्याची जागा मात्र तीच राहिली.

मग काय करायचं? आधी जागा. तीन फूट बाय दोन फूट पुरते, पण ती कायमची हवी आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. टेबल डगमगत असेल तर एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी ही तात्पुरती सोय झाली. टेबल भिंतीला टेकवून बसवावं. काळ्या बिडाच्या मशीनचं डोकं चांगलं दहा किलोच्या पुढे भरतं. ते चाकाला धरून उचलू नये, दोन्ही हातांनी खालून उचलावं. खाली दुमडणाऱ्या टेबलात बसवताना बोटं कडेत अडकतात, म्हणून सोबत कुणी असेल तर बरं.

उजेड समोरून किंवा डावीकडून यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली कापडावर पडत नाही. मशीनचा छोटा बल्ब पुरत नाही, टेबलावर वळवता येणारा एलईडी दिवा घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींनो, चष्मा लावूनच बसा. तो दिसण्यासाठी तर हवाच, पण सुई तुटून तुकडा उडाला तर डोळ्याची ढालही तोच.

खुर्ची अशी हवी की कोपर टेबलाच्या उंचीला येईल आणि पाठीला टेकू मिळेल. अर्ध्या तासाने एकदा उठून पाणी प्यायचं, मान फिरवायची. लांबवर वाकून बसलं की डोकं सुईच्या जवळ जातं, मग केसही जवळ जातात. वेणी मागे बांधलेली, पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली. पायमशीनवर हे फार महत्त्वाचं, कारण खालचं मोठं चाक आणि पट्टा साडीचा काठ सहज ओढून घेतात. चाकावर कापड अडकू नये म्हणून लोखंडी जाळी असते. ती पुष्कळ घरांत काढून माळ्यावर टाकलेली मी पाहिली आहे. काढू नका.

विजेचं सांगते. प्लग भिंतीवरच्या बोर्डात थेट लागावा आणि बटण बसल्या जागेवरून हाताला यावं. तीन पिनांचा प्लग असेल तर वरची अर्थिंगची पिन दोन पिनांच्या बोर्डासाठी काढून टाकू नये. मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, चार महिने फरशीला ओल असते. आपण बहुतेक जणी पायडल अनवाणी पायाने दाबतो, म्हणून पायाखाली कोरडी चटई हवी आणि खिडकीतून झड येते तिथे मशीन नको. अजून एक गोष्ट. शिवता शिवता वीज गेली की आपण उठतो आणि कापडाचं गाठोडं नेमकं पायडलवर ठेवतो. वीज आली की मशीन आपोआप धावायला लागतं. आमच्याकडे हे घडलं आहे. तेव्हा वीज गेली की पहिलं काम बटण बंद करण्याचं.

आता सुई. सुई बदलताना, तिच्यात दोरा ओवताना, बॉबिन काढताना बटण बंद आणि पाय पायडलवरून खाली. जुनी सुई काढण्याआधी तिची चपटी बाजू कुठे आहे ते बघून ठेवा, कारण बहुतेक नव्या घरगुती मशीनना ती मागे असते, जुन्या काळ्या मशीनचं तसं नसतं. नवी सुई वरपर्यंत ढकलून स्क्रू घट्ट करायचा. पातळ सुती कापडाला ११ नंबर, जाडसर कापडाला १४, जीन्सला १६ किंवा १८. जीन्सच्या शिवणीवर ११ ची सुई वाकते, खालच्या लोखंडी पट्टीवर आपटते आणि तुटते. कापड मागून ओढलं तरी तेच होतं. खालचे दाते कापड पुढे नेतात, आपण फक्त दिशा द्यायची. टाचण्या सुईखाली येण्याआधी एकेक काढायच्या. "एवढ्याशा टाचणीवरून सुई जाते" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, जात नाही त्या वेळी डोळ्याकडे उडते.

त्या ताईंचा दोरा का तुटत होता, तेही सांगून टाकते. दोरा ओवताना कापड दाबणारा फूट खाली होता. फूट वर असतानाच टेन्शनच्या चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यात नीट बसतो. शिवायला सुरुवात करताना सुई वर, फूट खाली, दोन्ही दोरे मागे धरलेले, आणि हाताचं चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. उलटं फिरवलं की खाली दोऱ्याचा गुंता होतो. दहा मिनिटांत मशीन सुरळीत चालू लागलं. म्हणजे ताईंचं लक्ष होतंच की! त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, एवढंच.

तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडेपर्यंत पुढे शिवू नये. कपड्यांच्या निर्यातीच्या कारखान्यांत तुटलेल्या सुईचा तुकडा न् तुकडा जमा करून नोंद ठेवतात, कारण तो कपड्यात राहिला तर बाळाच्या अंगाला लागेल. आपल्याकडेही झबली-टोपरी शिवतोच ना आपण? ते तुकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत, घट्ट झाकण लावून. कचऱ्यात तसेच टाकले तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात जातील. जयणा हा शब्द आपण पाणी गाळताना, धान्य निवडताना वापरतो. तो इथेही लागू आहे. आपल्या कामाने दुसऱ्या जिवाला इजा होऊ नये, मग तो जीव आपल्या ओळखीचा असो वा नसो.

तेल मशीनचंच घालावं, प्लग काढून. खोबरेल घट्ट होऊन चिकटतं आणि घासलेट पेट घेतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवून पाहावं.

घरात लहान मूल असेल तर उठताना बटण बंद करून प्लग काढायचा, फूटखाली कापड ठेवून सुई खाली करायची आणि झाकण लावायचं. पायमशीनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवला की झालं. एक जण पायडलवर नाचतंय आणि दुसऱ्याचं बोट सुईखाली, हा खेळ पुष्कळ घरांत झालेला आहे.

आणि एवढं करूनही बोटात सुई गेलीच तर? हात झटकू नका. बटण बंद करा, हाताने चाक फिरवून सुई सावकाश वर घ्या. तुकडा आत राहिला असेल, नखातून किंवा हाडापर्यंत गेली असेल, तर चिमट्याने उकरू नका. स्वच्छ कापड बांधून दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा.

आता मशीन देणाऱ्यांना दोन शब्द. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या योजनेतून मशीन मिळतं, कुणाच्या वाढदिवसाला मशीनवाटप होतं, फोटो निघतात. चांगलंच आहे, त्या मशीनवर घरं चालतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, पण त्यासोबत पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण आणि दिवसाला ५०० रुपये विद्यावेतनही आहे. मला हेच योग्य वाटतं. ज्यांनी शंभर मशीन वाटली, त्यांनी एक रविवार ग्रामपंचायतीच्या सभागृहात एका जाणत्या मिस्त्रीला बोलावून द्यावा. सुई कशी बसवायची, पट्टा कसा उतरवायचा, अर्थिंग म्हणजे काय. आणि त्या रविवारी बाईसोबत घरातल्या एका माणसालाही बोलावावं, कारण प्लग आणि दिवा बसवण्याचा खर्च बहुधा तोच ठरवतो.

गांधीजी यंत्रांवर टीका करत, पण १९२४ साली एका मुलाखतीत त्यांनी शिलाई मशीनला त्यातून वगळलं होतं. सिंगरने बायकोला हाताने टाके घालताना पाहिलं आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून मशीन बनवलं, असं ते म्हणाले. खरा इतिहास इतका गोड नाही. एलियस हाउचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं, आणि त्यात धंदाही भरपूर होता. पण गांधीजींच्या सांगण्यातली भावना मला आवडते. बाईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून मशीन. तसं असेल तर ते बोळात, पाठीमागच्या उजेडात, रात्री साडेदहाला कसं चालेल?

आमच्याकडे आता मशीन हॉलच्या खिडकीजवळ आहे. टीव्ही दोन फूट सरकला. ह्यांनी दिवा लावून दिला, बोर्ड खाली घेतला. आणि मी एक नियम केला, रात्री नऊनंतर मशीनवर बसायचं नाही. पहिल्यांदा नाही म्हणाले तेव्हा भाची रुसली. मग दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन ब्लाऊज घेऊन गेली.

तुमच्याकडे मशीन कुठे आहे? आज संध्याकाळी एकदा त्याच्यासमोर बसा, शिवायला नाही, नुसतं बघायला. सावली कुठे पडते, वायर कुठून जाते, कोपर कुठे येतं. आणि घरात कुणाच्या बोटात सुई गेलीच, तर "लक्ष कुठे होतं" हे विचारण्याआधी दिवा कुठे आहे ते बघा.