बस सुटली, गाडी धरली

बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही. गाडी धरायची तर एसटीनं मलकापूर गाठावं लागतं. म्हणूनच असेल, ‘नवरा माझा नवसाचा’ हा सिनेमा आम्हाला घरचा वाटला. अख्खी गोष्ट गणपतीपुळ्याला निघालेल्या एसटीत! २०२४ मध्ये सचिन पिळगावकरांनी दुसरा भाग आणला आणि बिऱ्हाड कोकण रेल्वेत हलवलं. विनोद ओढूनताणून, लांबी तर विचारूच नका. पण तेव्हाचे कंडक्टर अशोक सराफ टीसी होऊन डब्यात शिरले आणि शेजारची आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘हा त आपला कंडक्टर व माय!’ मामाकडच्या भाजीत मीठ कमी म्हणून कुणी ताटावरून उठत नाही. तिसरा भाग आला, तरी आम्ही तिकीट काढणारच.