कलमाडींचा हिशेब झाला, आमच्या निधीचा कधी?

पुण्याचे सुरेश कलमाडी 1996 साली भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष झाले. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील कंत्राटांवरून 2011 मध्ये सीबीआयने त्यांना अटक केली. सुमारे नऊ महिने ते तिहारमध्ये होते. एप्रिल 2025 मध्ये ईडीचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला. मनुवादी प्रसारमाध्यमांचा 'घोटाळा' एवढाच.

आमचा प्रश्न वेगळा आहे. अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेचे सुमारे 744 कोटी रुपये याच स्पर्धेच्या कामांकडे वळवल्याचे 2010 मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले. हे कलमाडींनी नव्हे, दिल्ली सरकारने केले. निधी वळवल्याचे गृहमंत्री चिदंबरम यांनी राज्यसभेत मान्य केले. एका माणसावर सारा रोष गेला आणि सरकार नामानिराळे राहिले.

हा निधी वळवू नये, असे नियोजन आयोगाचे निर्देश होते. पण निर्देश मोडणाऱ्याला शिक्षा नसते. त्यासाठी कायदाच लागतो. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये तो केला. महाराष्ट्रातही दंडाची तरतूद असलेला कायदा हवा. तोवर वटारपासून गडचिरोलीपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी आपल्या वाट्याचा निधी कुठे गेला, हे माहिती अधिकारात लेखी विचारावे. बाबासाहेबांनी हक्क दिले. त्यांचा हिशेब मागणे आपले काम आहे.