गेम डिझायनर व्हायचंय? मग आधी पेन्सिल!

"सर, आमच्या चिरंजीवांना गेम डिझायनर व्हायचंय. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालू ना?" दहावी-बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न हमखास येतो. गेम म्हणजे कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटर म्हणजे इंजिनिअरिंग, असं समीकरण घरात आधीच पक्कं झालेलं असतं. चार वर्षं आणि काही लाख रुपये घालून झाल्यावर मुलाला कळतं, की आपल्याला कोड लिहायचा नव्हता, खेळ रचायचा होता.

'मारिओ'चे जनक शिगेरू मियामोतो यांचंच पाहा. जन्म १९५२, जपानमधल्या क्योतोजवळच्या सोनोबे गावचा. शिक्षण कानाझावाच्या कला महाविद्यालयात, औद्योगिक डिझाइनचं. वेड चित्रकथांचं. १९७७ साली वडिलांच्या ओळखीनं 'निंतेंदो'त लागले. (ओळख तिथंही लागते तर!) ही कंपनी १८८९ पासून पत्ते बनवत आलेली. पुढे अमेरिकेत तिच्या 'रेडार स्कोप' खेळाची यंत्रं खपेनात, तेव्हा त्यांच्यासाठी नवा खेळ सुचवायचं काम या तरुणाकडे आलं. त्यातून १९८१ मध्ये 'डाँकी काँग' जन्मला. त्याच्या नायकाला मिशी का? मोजक्या ठिपक्यांत तोंड नीट दिसेना म्हणून. टोपी, केस काढणं अवघड म्हणून.

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिलाच पडदा तर आम्हा शिकवणाऱ्यांनी अभ्यासावा असा आहे. सूचना एकही नाही. समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मारिओ मरतो, पण वाया जातात फक्त काही सेकंद. दुसऱ्या वेळी मूल आपसूक उडी मारतं. वरच्या ठोकळ्याला डोकं लागलं की अळंबी बाहेर पडते, पुढच्या नळाला आपटून परत येते आणि बहुधा मारिओला मिळतेच. तो मोठा होतो, म्हणजे अळंबी चांगली! एक अक्षर न लिहिता धडा झाला. मियामोतो हे कागदावर आखत. प्रोग्रामिंग दुसरे करत.

ज्याला गणिताची आणि कोडची गोडी आहे त्यानं कॉम्प्युटर जरूर घ्यावं. गेम कंपन्यांना प्रोग्रामर लागतातच. चित्रकार, संगीतकार, चाचणी करणारेही लागतात. पण रचनेकडे ओढा असेल तर वाट डिझाइनची. आयआयटीतल्या डिझाइन पदवीसाठी 'यूसीड' परीक्षा असते; तिला कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. 'एनआयडी'च्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. 'शंभर टक्के नोकरी'च्या जाहिराती करणाऱ्या क्लासेसना मात्र, फी भरण्याआधी, जुन्या विद्यार्थ्यांनी केलेले खेळ दाखवायला सांगावं.

आणि पैशाचं? इथे सरळ रस्ता नाही, हे पालकांनी जाणून असावं. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'नं 'राजी' या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. खेळ बाजारात आला २०२० मध्ये.

दिवसभर मोबाईलवर खेळणं ही पात्रता नव्हे. मुलाची खरी ओढ पारखायची तर माळ्यावरची अळगुळी मणे खाली काढा. चौदा खळगे, मूठभर चिंचोके. मुलाला एक नियम बदलायला सांगा आणि घरच्यांना खेळू द्या. त्यानं स्वतः खेळू नये, नुसतं पाहावं. अज्जी मध्येच उठून गेली, तर ती नेमकी कुठल्या डावाला उठली ते त्यानं वहीत लिहावं, नियम पुन्हा बदलावा आणि तिला परत बोलावावं.