समोर कोण बसले आहे?

स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम माणसांशी खेळवून पाहण्याची हौस जुनीच आहे. १९५२ मध्ये ॲलन ट्युरिंगने तेच केले. प्रोग्रॅम चालवू शकेल असा संगणक नव्हता, म्हणून तो कागदावर आकडेमोड करून एकेक चाल काढत होता. समोरचा ॲलिक ग्लेनी जिंकला. आपण कशाशी खेळतो आहोत, हे ग्लेनीला ठाऊक होते.

आज घरच्या संगणकावरचा प्रोग्रॅम इंटरनेटवरून कोणाशीही खेळू शकतो. लिचेस या देणग्यांवर चालणाऱ्या मोफत संकेतस्थळाने त्यासाठी २०१८ मध्ये रीतसर दार उघडले, पण अटी घालून. ज्या खात्यावर एकही डाव झालेला नाही, तेच बॉटचे खाते करता येते, आणि पुन्हा माणसाचे करता येत नाही. नावाशेजारी ‘बॉट’ ही खूण कायम असते. आपोआप जोड्या लागतात तिथे त्याला प्रवेश नाही.

ही खूण काही हौशी मंडळींना जाचते. ती दिसली की लोक यंत्राला चकवणारे डाव मांडतात आणि चाचणी बिघडते, अशी त्यांची तक्रार. तक्रार खोटी नाही. औषधांच्या चाचणीतही रुग्णाला खरे औषध मिळाले की नुसती साखरेची गोळी, हे सांगत नाहीत. पण आपण चाचणीत आहोत, हे त्याला सांगितलेले असते आणि त्याने संमती दिलेली असते. खूण काढून बॉट सोडणाऱ्याने अशी संमती कोणाकडून घेतलेली असते? हरणाऱ्याचे गुण जातात; वर आपलाच खेळ उतरला, असे त्याला वाटत राहते.

शिवाय चाल पाहून यंत्र ओळखण्याचे दिवस सरत आले. २०२० मध्ये आलेला ‘माया’ हा प्रोग्रॅम माणसांच्या लाखो डावांवर शिकवलेला आहे. तो माणसांसारख्याच चुका करतो. सरावाला उत्तम. पण खूण काढली, तर नवख्याला काय कळणार?

आणखी एक गोष्ट. माणूस रात्री एकला कंटाळून उठतो, बॉट उठत नाही. ‘आणखी एकच डाव’ म्हणणाऱ्या शाळकरी मुलाला समोरून कोणीही ‘पुरे’ म्हणत नाही. ती खूण इंग्रजी अक्षरांत असते. मराठी शाळेतल्या मुलाला तिचा अर्थ घरच्यांनीच सांगायला हवा, आणि झोपेची वेळही.