दाढ गेली, पण प्रकरण मिटलं नाही

"मागची दाढ आहे, दिसतेय कुणाला? काढून टाका, दुखणं जाईल." दुखणं जातं, हे खरं. पण प्रकरण तिथंच मिटतं, हे साफ खोटं.

दाताची मुळं ज्या हाडात रुतलेली असतात, ते हाड दातासाठीच असतं. घास चावताना मुळांवाटे पोचणारा ताण त्याला जिवंत ठेवतो. दात गेला, ताण थांबला, की शरीर ते हाड शोषून घेऊ लागतं. पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या 3 महिन्यांतच होते. शेजारच्या दाढा मोकळ्या जागेत कलतात, समोरची दाढ त्या फटीकडे उतरू लागते, घास अडकतो, कीड लागते.

"गाल वयानं बसतात," असंही म्हणतात. वयाचा वाटा आहेच. पण दात गेल्यावर आतला आधार खचतो, त्याचं खापर वयावर कशाला?

तिसरा समज सर्वांत घातक: "कवळी बसवली की झालं." माझी आत्या जेवायला बसली की खालची कवळी काढून वाटीत ठेवायची आणि भाकरी आमटीत कुस्करून खायची. ती कवळी धरून ठेवायला हाडाचा उंचवटाच उरला नव्हता. कवळी हिरडीवर टेकते. हाडाला मुळांचा ताण मिळत नाही, वरून दाब तेवढा पडतो. दंतसंशोधक अँत्ये टालग्रेन यांच्या 1972 साली प्रसिद्ध झालेल्या 25 वर्षांच्या पाहणीत, कवळी वापरणाऱ्यांचं खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेलं आढळलं.

मग करायचं काय? वाचण्याजोगी दाढ रूट कॅनल करून, हिरड्यांवर उपचार करून वाचवावी. काढावीच लागली, तर पुढचा बेत आधी ठरवावा. टायटॅनियमचं इम्प्लांट हाडाशी एकजीव होतं आणि चावण्याचा ताण पुन्हा हाडापर्यंत पोचवतं. फार उशीर केला तर आधी हाडाची भर घालावी लागते, म्हणजे खर्च वाढतो. इम्प्लांट सगळ्यांना परवडत नाही, हे मान्य. प्रत्येक जागा भरायलाच हवी असंही नाही. अक्कलदाढेची तर नाहीच. पण तो निर्णय समजून घेतलेला असावा, दुर्लक्षातून झालेला नसावा.

म्हणून दाढ काढायला खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना विचारा: "ही गेल्यावर इथल्या हाडाचं काय?"