सहा बाय तीनचा पलंग



आपल्या या समूहावर वाड्यांचे, ओटीवरच्या झोपाळ्यांचे, देवघरांचे फोटो येतात, ते मी आवडीने बघतो. आज मी जुनं थोडंच सांगणार आहे. आज पलंगाविषयी लिहायचंय. विषय किरकोळ वाटेल. मलाही गेल्या वर्षापर्यंत तसाच वाटत होता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरातल्या वयस्क माणसाच्या खोलीसाठी पलंग घेताना आपण त्या माणसाचं माप घेत नाही आणि खोलीचंही घेत नाही. दुकानात जो भारी दिसतो तो घेतो. तो बहुतेक वेळा गरजेपेक्षा रुंद आणि उंच निघतो, आणि त्याचा त्रास ज्याला होतो तो माणूस तोंड उघडून सांगत नाही. हे मी दुसऱ्याचं बघून सांगत नाहीये. माझ्याच हातून झालेलं आहे.

आमचा वाडा दांडिया बाजारच्या मागच्या अंगाला होता. माडीवर रात्री ओळीने गाद्या पडायच्या आणि सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभ्या राहायच्या. पलंग एकच, वडिलांचा. नवारीचा, रुंदी अडीच फूट, खाली ट्रंक, चार कोपऱ्यांना मच्छरदाणीच्या काठ्या. नवार ढिली पडली की रविवारी आम्ही दोघं भाऊ दोन बाजूंनी ओढायला बसायचो. 'बेडरूम' हा शब्दच नव्हता, त्यामुळे कुठल्या खोलीत केवढा पलंग मावेल हा प्रश्नही कधी आला नाही. पुढे वाडा विकला, वाटण्या झाल्या, जो तो मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोड असा पांगला. नऊ बाय दहाच्या खोल्या वाट्याला आल्या आणि त्या खोल्यांत आपण वाड्याच्या ऐटीचं फर्निचर भरायला लागलो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, वय ८४. मेहुणे गेल्यावर दोन वर्षं एकटी राहिली, मग आमच्याकडे आली. तिच्यासाठी आतली खोली रिकामी केली. भाचा कॅनडात असतो. त्याने पैसे पाठवले आणि निक्षून सांगितलं, "मामा, आईसाठी चांगल्यातला चांगला घ्या." मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, चार बाय साडा छ ज लई लो, बा ने आराम रहेशे." मला पटलं. खाली सामान ठेवायची पेटी, उशाकडे जाड गादीची पाठ, वर आठ इंची मऊ गादी. घरी आणून मांडला तेव्हा खोली कशी भरल्यासारखी दिसली. फोटो काढून भाच्याला पाठवला.

अक्काने पलंगावर हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे रे बाळ. एवढा कशाला आणलास?" आपल्याकडे हे वाक्य कौतुकाचं समजायची पद्धत आहे. मीही तसंच समजलो.

मे महिन्यात अक्काला ताप आला. लघवीला जळजळ, अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितात? अक्का म्हणाली, भरपूर. आमच्या सौभाग्यवतींना मात्र शंका आली, कारण तिच्या स्टुलावरचा तांब्या सकाळी भरलेलाच असायचा. दोन दिवसांनी तिने जवळ बसून हळूच विचारलं, "वन्सं, खरं सांगा, रात्री पाणी का पीत नाही?" तेव्हा अक्का बोलली. संध्याकाळी सहानंतर तिने पाणी प्यायचंच सोडलं होतं. बडोद्याच्या मे महिन्यात. का, तर रात्री उठायला लागू नये म्हणून. उठायचं का नाही, तर पलंगावरून उतरता येत नाही म्हणून.

मी म्हटलं, "अक्का, उतरून दाखव." ती कडेला बसली. पाय जमिनीपासून चांगले आठ-नऊ इंच वर लोंबत होते. मग ती वळली, पालथी झाली आणि लहान मूल ओट्यावरून उतरतं तशी पोटावर घसरत खाली आली. रोज रात्री, अंधारात, असं. मला तिथे उभं राहवेना.

त्या दुपारी टेप काढली. बँकेत असताना कर्ज देण्याआधी गहाण मालमत्तेची पाहणी करायला आम्ही टेप घेऊन जायचो, इंच-इंच लिहून घ्यायचो. घरच्या खोलीला मात्र कधी टेप लावली नव्हती. आकडे देतो, कारण सगळं त्यात आहे.

खोलीची रुंदी बिल्डरच्या कागदावर नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. प्रत्यक्षात प्लास्टर आणि खालची स्कर्टिंग धरून १०६. (माप नेहमी खाली, स्कर्टिंगपाशी घ्या. छातीच्या उंचीवर घेतलेलं माप पलंगाच्या कामाचं नाही.) समोर लोखंडी कपाट, खोली २२ इंच. चार फुटी गादीचा पलंग बाहेरून ५२ इंच. मधली वाट राहिली ३२. कपाटाचं दार उघडलं की ते १८ इंच बाहेर येतं, मग उरले १४. चौदा इंचांत म्हातारं माणूस आडवं होऊन उभं राहतं. लांबीकडे १२० ऐवजी ११८, पलंग पाठीसकट ८४, राहिले ३४, त्यात आत उघडणारं ३० इंचांचं दार. म्हणजे दार उघडत होतं, पण आत येणाऱ्याला पलंगाच्या कडेशी अंग चोरून यावं लागत होतं.

आणि उंची? पेटी १६, गादी ८, एकूण २४ इंच. अक्काची उंची चार फूट दहा. तिच्या गुडघ्यामागच्या वळणापासून जमिनीपर्यंत १५ इंच भरले. हे माप मी घेतलं नाही, सुताराने घेतलं. तो आला, खोली बघितली, माझा कागद बघितला आणि म्हणाला, "बा ने खुरशी पर बेसाडो, माप एमनुं लेवानुं छे." एवढ्या खरेदीत अक्काचं माप घ्यायचं पहिल्यांदा त्यालाच सुचलं.

आता नवीन पलंगाचं सांगतो. गादी ७२ बाय ३६, म्हणजे सहा बाय तीन. बाजारात 'सिंगल' म्हटलं की एकच माप असतं असं समजू नका. रुंदीत ३०, ३६, ४२, कुठे कुठे ४८ सुद्धा त्याच नावाने खपवतात, आणि लांबीत ७२, ७५, ७८. तीस इंच कुशी बदलायला अपुरे पडतात. रेल्वेचा बर्थ जेमतेम दोन फुटांचा, त्यावर रात्र निघते पण झोप लागत नाही. छत्तीस हे एका माणसाला पुरेसं आहे. इस्पितळातल्या पलंगाची गादीही साधारण तेवढीच असते. लांबीचा हिशेब सोपा आहे : माणसाच्या उंचीत सहा-आठ इंच मिळवा. माझा नातू सहा फुटी, त्याला ७८ लागेल. अक्काला ७२ सुद्धा जास्त होतात. तिच्या पायापलीकडे जे रिकामे इंच मी विकत घेतले होते ते दारातून चोरलेले होते.

गादी आणि चौकट यांच्यात फसायला होतं. गादीचं माप आतलं, पलंगाचं बाहेरचं. गादीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा हवा, नाहीतर चादर खोचता येत नाही. मग बाजूच्या फळ्यांची जाडी. आमचा पलंग बाहेरून ३९ बाय ७५ झाला. वाट ४५ इंच, कपाट उघडं असताना २७.

उंची १७ इंच. बसल्यावर गादी इंचभर दबते, म्हणजे खरी १६. त्यासाठी गादी पाच इंची आणि जरा कडक घेतली. मऊ गादीत म्हातारं माणूस रुततं आणि उठताना हातांना जोर मिळत नाही. बाजूची फळी (सुतार तिला ईस म्हणतो) गादीच्या वर येऊ द्यायची नाही, मांडीला रुतते. आणि खालून पलंग मोकळा ठेवला. हे मला आधी ठाऊक नव्हतं. आपण बसल्या जागेवरून उठतो तेव्हा टाचा मागे घेतो आणि मग पुढे झुकून उभे राहतो. करून बघा. पेटीचा पलंग असला की टाचा पेटीला अडतात, मागे जातच नाहीत. गुडघे चांगले असले तर निभतं, नसले तर माणूस दोनदा-तीनदा झोका घेऊन उठतो. उशाकडे एक खांब थोडा वर ठेवला आहे, हात धरायला.

सुतारकामाआधी आम्ही एक केलं, ते सर्वांनी करावं. खडूने जमिनीवर पलंगाची चौकट आखली आणि दोन दिवस तशीच ठेवली. अक्का त्या रेषेच्या कडेने चालली, कपाट उघडलं, न्हाणीघराकडे गेली. पहिली रेषा खिडकीच्या भिंतीला होती. ती म्हणाली, "इथून न्हाणीघर डाव्या हाताला येतं, माझा उजवा गुडघा धड आहे." रेषा पुसून समोरच्या भिंतीला काढली. लाकडाचा पलंग असता तर ती हे बोललीच नसती.

पेटीच्या पलंगावर माझा खास राग आहे, तो इथे काढून घेतो. आपल्या घरांतून त्या पेटीत काय असतं? जादा रजया, लग्नातली पितळी भांडी, कोणी न वापरलेले डिनर सेट, जुन्या पैठण्या. म्हणजे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आपण कोठारावर झोपवतो. ऐन दुपारी कुणीतरी येतं आणि "अक्का, जरा उठता का, रजई काढायची आहे" म्हणतं. शिवाय २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हाचं आठवा. माझ्या धाकट्या भावाच्या तळमजल्यावर प्लायची पेटी पाणी पिऊन अशी फुगली की चौघांना उचलेना, आत भांड्यांत चिखल. त्याच घरातला वडिलांचा सागवानी पलंग धुऊन, नवार बदलून आज वापरात आहे.

आता संखेड्याची गोष्ट कोणीतरी काढेलच. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे संखेड्याचे झोपाळे आहेत, आमच्याकडेही आहे, आणि लाखेच्या त्या सोनेरी-नारिंगी कामाला तोड नाही. पण कातीव गोटे आणि बाहेर आलेले पाय असलेला पलंग नऊ फुटी खोलीत घालू नका. ते काम बैठकीत शोभतं. रात्री अंधारात पोटरीला लागतं.

लोक म्हणतात, आजारपणात मोठा पलंग बरा, सोबतीला कोणी शेजारी झोपू शकतं. मला उलट दिसतं. आजाऱ्याला कूस बदलवायला, पुसायला दोन्ही बाजूंनी माणूस उभं राहायला हवं. तीन फुटी पलंग भिंतीपासून ओढता येतो. सोबतीला जमिनीवर गादी घाला, आपण वाड्यात तेच करत होतो.

खरी अडचण मापाची नव्हती, भाच्याची होती. फोनवर म्हणाला, "मामा, सिंगल? पैशांचा प्रश्न आहे का? मी पाठवतो ना." त्याचा आवाज दुखावलेला होता. दूर राहणाऱ्या मुलाला आईसाठी काही करायचं तर मोठंच करावंसं वाटतं, त्यात चूक काय? मी काही समजावलं नाही. अक्का जुन्या पलंगावरून उतरते त्याचा व्हिडिओ सुनेने त्या दिवशी काढून ठेवला होता, डॉक्टरांना दाखवायला म्हणून. तो त्याला पाठवला. अर्ध्या तासाने त्याचा उलट फोन आला. बराच वेळ नुसताच धरून होता. मग म्हणाला, "उंची किती ठेवताय?"

नवीन पलंगावर अक्का पहिल्यांदा बसली तेव्हा दोन्ही तळवे फरशीला टेकले. तिने ते दोन-तीनदा उचलून टेकवून बघितले. "लागतात रे," एवढंच म्हणाली. तांब्या आता सकाळी निम्मा असतो.

मोठा पलंग नातवाच्या खोलीत गेला, तो खूश आहे.

राहिला आमच्या दोघांचा जोडपलंग. परवा मापला, गादीसकट २२ इंच. सौभाग्यवतींचे गुडघे दोन वर्षांपासून बोलतात. मी सुचवलं, दोन सिंगल करून घेऊ, मध्ये फूटभर वाट ठेवू, दोघांना आपापल्या बाजूने उतरता येईल. तर म्हणते, या वयात वेगळे पलंग, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय सांगायचं? सध्या पाय कापून उंची पाच इंचांनी कमी करायची यावर तडजोड झाली आहे. सुतार गुरुवारी येतोय. बडोद्यात कोणाला त्याच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर मला निरोप पाठवा, पण आधी टेप लावून घरातल्या पलंगांची उंची मोजा आणि किती भरली ते खाली लिहा.